चावी ओळखणारी गाडी

मोटारीचे इंजिन सुरू होण्यासाठी काही गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. स्टार्टरने इंजिन फिरवले पाहिजे, सिलिंडरमध्ये इंधन गेले पाहिजे आणि गाडी पेट्रोलची असेल तर ठिणगी पडली पाहिजे. इमोबिलायझर ही यंत्रणा यांपैकी एक किंवा अधिक गोष्टी अडवून धरते आणि ओळखीची चावी समोर आल्याशिवाय सोडत नाही. ती दार उघडणे रोखत नाही, काच फोडणे रोखत नाही, गाडी क्रेनने उचलून नेणेही रोखत नाही. परक्या हाती इंजिन चालू राहू नये, एवढेच तिचे काम. सायरन वाजवणारा अलार्म, दारांचे सेंट्रल लॉकिंग आणि जीपीएस ही सगळी वेगळी साधने आहेत. बोलताना मात्र लोक सगळ्यांना 'लॉक' म्हणतात आणि गाडी गेल्यावर 'लॉक होतं, तरी कशी गेली?' असे विचारतात.

या प्रश्नाची दोन उत्तरे भिवंडीत ऐकू येतात. कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली हा सगळा पट्टा गोदामांचा. शहरात यंत्रमागांचे कारखाने, बाजूने मुंबई-नाशिक महामार्ग. कार, दुचाकी, रिक्षा, छोटे टेम्पो आणि कंटेनर इथे रात्रभर रस्त्याच्या कडेला उभे असतात. विमा कंपन्यांसाठी दाव्यांची पाहणी करणारा सर्वेअर म्हणतो, इमोबिलायझरने गाडीचोरीचे कंबरडे मोडले. अंजूरफाट्याजवळच्या छोट्या दुकानात चिपच्या चाव्या बनवून देणारा मिस्त्री म्हणतो, हे शेवटी कुलूपच आहे, आणि जे कुलूप मालकाची चावी हरवल्यावर पुन्हा उघडून द्यावे लागते ते चोरालाही उघडता येते. दोघांचे म्हणणे समोरासमोर ठेवले की यंत्रणेचे बळ आणि तिची फट दोन्ही दिसतात.

सर्वेअर: मिस्त्री, तीसेक वर्षांपूर्वी कार कशी जायची आठवा. स्टिअरिंगखालचं झाकण काढायचं, वायरी ओढायच्या, दोन पिळायच्या, तिसरी टेकवायची. 'गाडी डायरेक्ट केली' म्हणायचे. चोराला एक पेचकस पुरायचा. आज चिप असलेल्या कारमध्ये तेच करून दाखवा.

मिस्त्री: करून दाखवतो की. स्टार्टर फिरेल, इंजिन कदाचित दोन सेकंद धरेल आणि बंद पडेल. मीटरवर चावीचा दिवा लुकलुकत राहील. वायरी पिळून काम होत नाही हे मला मान्य आहे, साहेब. मी रोज बघतो. लोक चावीचं फुटलेलं कव्हर बदलतात, चिप जुन्या कव्हरात राहते, ते कचऱ्यात जातं. मग गाडी ढकलत माझ्याकडे येतात.

ही चिप जवळून पाहण्यासारखी आहे. चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्याची कड पातळ पात्याने उचकटली की आत एक काळी पाचर दिसते, तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढी. काही चाव्यांत पाचरीऐवजी काचेची बारीक बंद नळी असते आणि तिच्यात केसासारख्या तांब्याच्या तारेचे वेटोळे गुंडाळलेले असते. चिपला बॅटरी नसते. रिमोटचा सेल संपला तरी चावीने गाडी सुरू होते ती यामुळेच. चावी जिथे घुसते त्या कुलपाभोवती, प्लॅस्टिकच्या झाकणाखाली, तारेचे एक कडे बसवलेले असते. चावी फिरवताच या कड्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र उठते. चिपमधले वेटोळे त्या क्षेत्रातूनच वीज घेते आणि चिप जागी होते. अंतर काही सेंटिमीटरांचे असावे लागते. चिपच्या चावीच्या डोक्याला स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल घट्ट गुंडाळून गाडी सुरू करून पाहिली तर खुद्द मालकालाही गाडी ओळखत नाही. फॉइल काढली की पहिल्या झटक्यात इंजिन लागते. धातूची चावी तीच, कुलूप तेच. अडवते ती फक्त न ऐकू आलेली चिप.

चिप आणि गाडी यांच्यात नेमके काय बोलणे होते, यावर यंत्रणेची ताकद ठरते. सुरुवातीच्या चिपा परवलीच्या शब्दासारख्या होत्या. विचारले की दरवेळी तोच क्रमांक सांगायच्या. तो क्रमांक एकदा ऐकला की दुसऱ्या चिपवर उतरवता येत असे. नंतरच्या चिपांत परवलीचा शब्द उच्चारलाच जात नाही. गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू किंवा त्याला जोडलेला इमोबिलायझरचा डबा, चिपला एक यादृच्छिक संख्या पाठवतो. चिप ती संख्या आपल्या पोटातल्या गुप्त संख्येशी ठरलेल्या गणिताने मिसळते आणि आलेले उत्तर परत करते. गाडीकडेही तीच गुप्त संख्या असते. ती स्वतः तेच गणित करते, दोन उत्तरे ताडून पाहते, आणि जुळली तर इंधनाचे इंजेक्टर आणि इग्निशन चालू ठेवते. चावी फिरवणाऱ्याला काही कळायच्या आत हे उरकते. गुप्त संख्या हवेतून एकदाही जात नाही. आज कोणी चोरून ऐकले तरी उद्या गाडी वेगळी संख्या विचारणार, त्यामुळे आज ऐकलेले उत्तर उद्या निरुपयोगी.

इंजिन अडवण्याची कल्पना मात्र संगणकाहून जुनी आहे. १९१९ साली अमेरिकेत सेंट जॉर्ज इव्हान्स आणि एडवर्ड बर्कनब्यूल यांनी गाडीत बसवायच्या नऊ बटणांच्या पाटीचे पेटंट घेतले. बटणांचा क्रम चुकला की इंजिनाऐवजी भोंगा वाजायचा. १९८६ मध्ये जनरल मोटर्सने कॉर्व्हेटच्या चावीत विजेचा रोध बसवला. त्याच्या १५ किमती होत्या आणि गाडी त्या मोजून चावी ओळखायची. पंधरा चाव्यांचा जुडगा घेऊन येणाऱ्यापुढे ती काय टिकणार! खरा बदल १९९०च्या दशकात झाला. जर्मनीत गाडीचोरी भडकली, विमा कंपन्यांनी इमोबिलायझरचा आग्रह धरला, १९९५ मध्ये युरोपीय संघाने नियम केला आणि ऑक्टोबर १९९८ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये ही यंत्रणा सक्तीची झाली. ऑस्ट्रेलियाने २००१ मध्ये आणि कॅनडाने २००७ मध्ये तशीच सक्ती केली. भारतात कंपन्यांनी आपापल्या सोयीने ती आणली. मारुतीच्या गाड्यांवरचा 'आयकॅट्स' हा शब्द याच यंत्रणेचा.

सर्वेअर: आकडे बघा ना. नेदरलँड्समधल्या दोन अर्थतज्ज्ञांनी १९९५ ते २००८ या काळातल्या चोऱ्या गाडीच्या मॉडेलनुसार तपासल्या. सक्तीमुळे चोरीचा धोका सरासरीने जवळपास निम्म्यावर आला. काही चोर जुन्या, चिप नसलेल्या गाड्यांकडे वळले, ते हिशेबात धरूनही. एवढी स्वस्त वस्तू आणि एवढा परिणाम!

मिस्त्री: अमेरिकेत सक्ती नव्हती, तिथे काय झालं?

सर्वेअर: तेच तर सांगतो. २०१५ च्या मॉडेलांपैकी इतर कंपन्यांच्या ९६ टक्के मॉडेलांत इमोबिलायझर होता. ह्युंदाई आणि किआच्या फक्त २६ टक्के मॉडेलांत. २०२१-२२ मध्ये पोरांनी समाजमाध्यमांवर व्हिडिओ टाकले आणि या दोन कंपन्यांच्या चावीवर चालणाऱ्या गाड्या शहरोशहरी उचलल्या जाऊ लागल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपन्यांना सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी नवं सॉफ्टवेअर जाहीर करावं लागलं. त्याच कंपन्या, तोच देश, रस्तेही तेच. फरक होता तो चिपचा. चिप नसली की पंधरा-सोळा वर्षांचं पोरही गाडी नेतं.

मिस्त्री: पोरांचं ठीक आहे. सराईत माणसाचं सांगा. चिपचं गणित फुटलंय, साहेब, आणि एकदाच नाही.

मिस्त्रीचे म्हणणे खरे आहे. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीज यांच्या संशोधकांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एका चिपचे गणित उलगडले. तिची गुप्त संख्या ४० बिटांची होती. म्हणजे शक्यता १ लाख कोटींहून थोड्या जास्त. माणसाला हा आकडा अफाट वाटतो, यंत्राला वाटत नाही. एकाच वेळी चालणाऱ्या १६ चिपांनी तासाभरात तिची संख्या शोधली आणि संशोधकांनी बनावट चिपने फोर्डची गाडी सुरू करून दाखवली. २०१२ मध्ये दुसऱ्या एका प्रचलित चिपवरचा हल्ला सहा मिनिटांत शक्य असल्याचे युरोपातल्या संशोधकांनी दाखवले. २०१३ मध्ये 'मेगामोस' या चिपवरचा शोधनिबंध फोक्सवॅगनच्या मागणीवरून लंडनच्या हायकोर्टाने रोखला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर ती चिप लाखो गाड्यांच्या चाव्यांत फिरतच होती. दोष गुप्त ठेवून गाड्या सुरक्षित होत नाहीत. ज्यांनी त्या विकत घेतल्या त्यांना तो दोष कळण्याचा हक्क होता.

सर्वेअर: पण मिस्त्री, भिवंडीत गणित फोडणारा चोर कितीदा दिसला?

मिस्त्री: एकदाही नाही. गणित फोडत बसायला त्याला वेळ कुठे? तो दुरुस्तीच्या दाराने येतो.

दुरुस्तीचे दार म्हणजे स्टिअरिंगखालचा सोळा पिनांचा ओबीडी सॉकेट. गाडीतला बिघाड वाचण्यासाठी तो असतो आणि बहुतेक गाड्यांत नवी चावी नोंदवण्याचे कामही तिथूनच होते. मिस्त्रीच्या दुकानातले यंत्र या सॉकेटला जोडले जाते, गाडीचा गुप्त पिन दिला जातो, कोरी चिप असलेली चावी कड्याजवळ धरली जाते आणि गाडी तिला आपली मानते. काही गाड्यांत पिन कंपनीकडून घ्यावा लागतो. काहींत तो गाडीच्याच स्मरणचिपमधून वाचता येतो. जुन्या गाड्यांत हे दार सैल होते, नव्या गाड्यांत ते कंपनीच्या सर्व्हरशी जोडले गेले आहे.

सर्वेअर: मग ते दार बंदच का करू नये? चावी हरवली तर कंपनीकडे जा.

मिस्त्री: रात्री अकरा वाजता माणकोलीला माल भरून उभी असलेली गाडी, एकच चावी, ती पडली खाडीत. कंपनीकडे कागद द्या, कोड मागवा, चावी येईपर्यंत थांबा. मालाचं काय? त्या माणसाला मीच लागतो. हे दार माझ्या पोटासाठी नाही, त्याच्या गाडीसाठी उघडं हवं. आणि जुनी गाडी, जिच्या मॉडेलच्या चाव्या कंपनीनं बनवणंच थांबवलंय, ती काय भंगारात घालायची?

सर्वेअर: दार उघडं ठेवा, पण दारावर वही ठेवा. अमेरिकेत नोंदणी झालेल्या कुलूपकारालाच चावीचे कोड मिळतात, आणि कोणी, कधी, कोणत्या गाडीसाठी मागितले ते नोंदलं जातं. तुम्ही आरसी बघता का?

मिस्त्री: मी बघतो. आरसी बुक, मालकाचं ओळखपत्र, गाडीचा आणि माणसाचा फोटो. चेसिस नंबर स्वतः वाकून वाचतो. पण ही वही मी माझ्या मनाने ठेवलीय. आजवर कोणी ती ठेवायला सांगितली नाही आणि कोणी बघायलाही आलं नाही. यंत्र मात्र पैसे मोजले की कुणालाही मिळतं.

या मुद्द्यावर दोघे जवळ येतात, आणि येणे साहजिकही आहे. इमोबिलायझर आल्यापासून चोरीचे ठिकाण रस्त्यावरून सरकले. पूर्वी गाडीपाशी दोन मिनिटे एकांत मिळाला की पुरे होते. आता चोराला चावी लागते, किंवा चावी बनवण्याचे साधन, किंवा ज्याच्या हातून चावी गेली आहे असा माणूस. व्हॅले पार्किंग, गॅरेज, सर्व्हिसिंग, नोकरीवरून काढलेला ड्रायव्हर, जुना मालक ही सगळी चावीची ठिकाणे आहेत. चिपच्या गणितावर कंपन्यांनी जेवढा खर्च केला त्याच्या मानाने या ठिकाणांकडे फार थोडे लक्ष दिले गेले.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांनी एक नवी फट आणली. इथे चावी कुलपात घालावी लागत नाही; ती खिशात असली की गाडी तिला काही फुटांवरून ओळखते. मग एक माणूस घराच्या दाराशी उभा राहून आत ठेवलेल्या चावीचा क्षीण संदेश उचलतो, दुसऱ्याच्या हातातल्या यंत्राकडे पाठवतो आणि गाडीला वाटते चावी शेजारीच आहे. गणित न फोडता दोघांच्या बोलण्यातले अंतर तेवढे खोटे केले जाते. २०११ मध्ये झ्युरिकच्या संशोधकांनी ८ कंपन्यांची १० मॉडेले तपासली, दहाही फसली. यावर आता दोन उपाय आले आहेत. चावी काही वेळ हलली नाही की झोपी जाते, किंवा रेडिओ लहरीला जायला-यायला लागणारा वेळ मोजून चावी खरोखर किती दूर आहे ते गाडी ठरवते. ज्यांच्या गाडीत हे नाही त्यांनी रात्री चावी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावी. डबा हातात घेऊन गाडीपाशी उभे राहावे आणि दार ओढून पाहावे. उघडले नाही तर डबा चालतो.

२०२३ मध्ये याहून वेगळी पद्धत उजेडात आली. गाडीतल्या सगळ्या संगणकांना जोडणाऱ्या वायरींपर्यंत हेडलाइटच्या बाजूने पोचून 'चावी ओळखली गेली आहे' असा खोटा निरोप आत सोडायचा. भिवंडीच्या दृष्टीने हा प्रकार दूरचा आहे.

सर्वेअर: एक फरक तुम्हीही मान्य कराल. इमोबिलायझर धावत्या गाडीला हात लावत नाही. हल्ली फायनान्सवाले आणि ट्रान्सपोर्टवाले जीपीएससोबत रिले बसवतात, मोबाइलवरून इंजिन बंद करायला. माणकोलीच्या पुलावर चढताना भरलेल्या ट्रकचं इंजिन कोणी लांबून बंद केलं तर स्टिअरिंग जड होईल, ब्रेकची मदत जाईल. खरा इमोबिलायझर सुरू होतानाच काय ते ठरवतो. एकदा सोडलं की मध्येच अडवत नाही.

मिस्त्री: हे शंभर टक्के मान्य. तसलं काम माझ्याकडे आलं तर मी स्टार्टरच्या लाइनवर रिले टाकतो. गाडी थांबल्यावर पुन्हा लागत नाही, पण चालताना बंदही पडत नाही. आता तुम्ही एक मान्य करा. गाडी चोरीला गेली की तुम्ही मालकाकडे चोर असल्यासारखं का बघता?

हा प्रश्न या संवादातला सर्वांत बोचरा आहे. चोरीचा दावा आला की विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. चावी गाडीत विसरली असेल तर 'योग्य काळजी घेतली नाही' असे म्हणून दावा नाकारला किंवा कापला जातो. त्यापुढचा युक्तिवाद असा की गाडीत इमोबिलायझर आहे, चावीशिवाय ती सुरूच होत नाही, दोन्ही चाव्या मालकाकडे आहेत, तेव्हा गाडी गेली ती मालकाच्या संमतीने.

सर्वेअर: खोटे दावे येतात, मिस्त्री. कर्ज थकलं की गाडी 'चोरीला जाते'. चाव्या मागणं हा तपासाचा भाग आहे. दोन चाव्यांपैकी एकीवर रोजच्या वापराच्या खुणा हव्यात, दुसरी कोरी दिसायला हवी. दोन्ही कोऱ्या असल्या तर प्रश्न विचारावाच लागतो.

मिस्त्री: विचारा. पण तुम्हीच आत्ता ऐकलं की चिपचं गणित फुटलंय, सॉकेटमधून तिसरी चावी होते, चावी घरातच असताना गाडी नेता येते. मग 'चावीशिवाय गाडी जाऊच शकत नाही' हे वाक्य कसं खरं? चोरासाठी कुलूप कच्चं आणि मालकाविरुद्ध पक्कं?

सर्वेअर: ते वाक्य अहवालात लिहिणं चूक आहे. जी यंत्रणा चोरी कठीण करते ती चोरी अशक्य करते असं धरता येणार नाही. मी माझ्या अहवालात 'चावी बनवल्याच्या खुणा तपासल्या का' हे लिहितो. सर्वांनी लिहायला हवं.

सर्वेअरची ही कबुली महत्त्वाची आहे. प्रामाणिक मालकाच्या बाजूने कायदाही काही अंशी उभा आहे. गाडी चोरीला गेल्यावर पोलिसांत ताबडतोब तक्रार दिली असेल, तर केवळ विमा कंपनीला उशिरा कळवले म्हणून दावा नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले. महाराष्ट्रात तपास लागला नाही की पोलीस 'ए समरी' अहवाल देतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. दाव्यासाठी तो कागद लागतो. विमा दराच्या जुन्या नियमावलीत मान्यताप्राप्त चोरीरोधक साधनासाठी सूटही आहे: पुण्याच्या एआरएआय संस्थेने मंजूर केलेले साधन असेल तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, कमाल ५०० रुपये. एवढ्या सवलतीसाठी कोणी साधन बसवायला धावणार नाही.

मिस्त्री: आणि हे सगळं कारचं झालं, साहेब. भिवंडीत जातं काय? कारखान्याबाहेर लावलेली बाइक. रिक्षा. ग्रे कापडाचे ताके वाहणारा छोटा टेम्पो. त्यांच्या चावीत चिप असते का?

सर्वेअर: बहुतेकांच्या नसते.

मिस्त्री: रात्रपाळीचा मागवाला बारा तास मागापुढे उभा असतो. बाहेर त्याची बाइक, हप्ते चालू. हँडल लॉकला झटका दिला, वायर डायरेक्ट केली, गेली. तुमची तीस वर्षांपूर्वीची गोष्ट त्याच्यासाठी आजची आहे. त्याच्याकडे बहुधा थर्ड पार्टी विमा, म्हणजे चोरीचा एक पैसा नाही.

सर्वेअर: नेदरलँड्समध्ये चोर जुन्या गाड्यांकडे वळले, तसे इथे चिप नसलेल्या वाहनांकडे वळणार. ते कळतं मला.

मिस्त्रीच्या या प्रश्नाला तांत्रिक अडचणीचे उत्तर आता देता येत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि बहुतेक दुचाकींतला कार्ब्युरेटर जाऊन इंधन इंजेक्शन आले. म्हणजे इंधन सोडायचे की नाही हे ठरवणारा ईसीयू साध्या बाइकमध्येही बसला. डिझेल टेम्पोंचेही तेच. चावी ओळखणाऱ्या डोक्याचा सर्वांत महाग भाग आधीच गाडीत आहे. उरते ते कुलपाभोवतीचे कडे, चावीतली चिप आणि थोडे सॉफ्टवेअर. हे करता येते याचा पुरावाही आहे. होंडाने जानेवारी २०२३ मध्ये अ‍ॅक्टिव्हाची स्मार्ट-की आवृत्ती आणली, तिच्यात इमोबिलायझर आहे. पण ती महागडी आवृत्ती. ज्याला बाइक गेल्यावर दुसरी घेता येणार नाही त्याच्या बाइकमध्ये ही सोय नाही, आणि ही उणीव कंपन्यांनी आणि नियम करणाऱ्यांनी भरून काढलीच पाहिजे. माल किंवा प्रवासी वाहणाऱ्या वाहनाची चोरी कायद्याने गंभीर मानली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली त्यासाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तर साध्या चोरीला तीन. ज्या वाहनासाठी कायदा एवढा कडक, त्याच वाहनाचे कुलूप सर्वांत कच्चे.

तोवर मिस्त्रीचा उपाय साधा आहे. जुन्या बाइकला लपवलेला एक स्विच, जो बंद असला की ठिणगी पडत नाही. टेम्पोला स्टार्टरच्या लाइनवर तसाच स्विच, आणि रात्री चाकाला डोळ्यांना दिसेल असे जाड कुलूप. बीएस-६ गाडीत मात्र ईसीयूच्या वायरी कापू नयेत. त्याने वॉरंटी जाते आणि बिघाड शोधणे अवघड होते. सर्वेअरला हा स्विच पसंत नाही, कारण त्याला कोणाची मंजुरी नसते. तरीही तो एक गोष्ट मान्य करतो: ज्या चोराकडे दोन मिनिटे आहेत त्याला तीन मिनिटांचे काम दिले की तो पुढच्या गाडीकडे जातो.

सर्वेअर: म्हणजे त्या पुढच्या गाडीवाल्याचं नुकसान.

मिस्त्री: म्हणून तर म्हणतो, सगळ्यांना द्या. युरोपने सगळ्यांना दिलं.

शेवटी मिस्त्रीने एका जुन्या कारचे उदाहरण समोर ठेवले. भिवंडीत सेकंडहँड गाड्यांची खरेदी-विक्री रोज होते. गाडी घेणारा इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर बघतो, विमा आणि आरसी तपासतो, चावी घेऊन निघतो. त्याच्या हातात दोन चाव्या असतात, कधी एकच. मिस्त्रीने यंत्र सॉकेटला जोडले. पडद्यावर इमोबिलायझरचे पान उघडले. नोंदलेल्या चाव्या: ३. मालकाने टेबलावर ठेवलेल्या चाव्या होत्या दोन. तिसरी कोणाच्या खिशात आहे हे गाडीला माहीत नाही. ती आली तर गाडी तिलाही मालकच मानेल.

ही नोंद पुसता येते. हातातल्या चाव्या पुन्हा नोंदवल्या की न आलेली चावी आपोआप बाद होते आणि पडद्यावरचा आकडा दोनवर येतो. या एका कामावर सर्वेअर आणि मिस्त्री यांच्यात मतभेद नाही. चिपची जुनी गाडी घेणाऱ्याने पैसे देण्याआधी हा आकडा पाहून घ्यावा, आणि तो हातातल्या चाव्यांएवढा नसेल तर त्याच दिवशी तेवढा करून घ्यावा.